कसबाचे कुतूहल

विणकाम, भरतकाम, पाककला अशा छंदांभोवती गुंफलेल्या रहस्यकथांना इंग्रजीत मोठा वाचकवर्ग आहे. डोरोथी सेयर्स यांनी तर १९३४ मध्येच चर्चमधील घंटा क्रम बदलत वाजविण्याच्या कलेवर ‘द नाइन टेलर्स’ ही कादंबरी उभारली. खुनी कोण, याइतकेच एखादे कसब आतून कसे चालते, हे जाणण्याचे कुतूहल वाचकास खेचून घेते.

मराठी कादंबरीत कसब आले ते छंद म्हणून नव्हे, तर पोटापाण्याचा प्रश्न म्हणून. रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’तील (१९७१) शिंप्याचे कुटुंब याची साक्ष देईल. रहस्यकथेने मात्र हे क्षेत्र फारसे धुंडाळलेले नाही.

वास्तविक त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. नवी मुंबई ९५ गावांच्या जमिनीवर वसली. भरतीचे पाणी मिठागरात केव्हा घ्यावे, किती आटू द्यावे, मीठ केव्हा काढावे, हे तेथील आगरी समाजाला पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक होते. अनेक मिठागरे बुजली; त्यांबरोबर हे ज्ञानही लोपत आहे. जाणत्या वृद्धांजवळ बसून लेखकांनी ते कथेत आणले, तर वाचकांचे रंजन होईल आणि एका कसबाची नोंदही राहील. मात्र त्यासाठी फार काळ थांबता येणार नाही.