गुंठ्यांच्या वाड्या आणि हेक्टरी निकष

3 जून 2020 रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या, तेव्हा मदतीचे धोरण बागायतदाराच्या दारापर्यंत नेण्याचे काम मुख्यतः तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांच्यावर आले. पंचनामा, म्हणजे जागेवर जाऊन पंचांसमक्ष केलेली नुकसानीची नोंद, हा या कामाचा पाया होता.

राज्य शासनाने फळबागांसाठीची हेक्टरी 18,000 रुपयांची मदत 50,000 रुपयांपर्यंत वाढवली खरी. परंतु हेक्टर म्हणजे सुमारे 99 गुंठे आणि किनाऱ्यावरची वाडी बहुधा थोड्या गुंठ्यांची, त्यामुळे पाच गुंठ्यांच्या मालकाच्या पदरात जेमतेम अडीच हजार पडत होते. शिवाय एकाच वाडीत नारळ, पोफळ, आंबा दाटीने वाढतात आणि सातबाऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीच्या उताऱ्यावर, मुंबईकर भावंडांसह अनेक सहहिस्सेदार असतात, तेव्हा संमतिपत्र कोणाकोणाचे घ्यायचे, हा पेच तलाठ्यापुढे उभा राहतो.

पुढे नारळ आणि सुपारीसाठी झाडागणिक मदतीचा निकष आला, आणि तो वाडीच्या स्वरूपाला अधिक जवळचा होता. अंमलबजावणी सुधारण्यासाठी प्रशिक्षणवर्ग भरवले जातात, त्यांचा उपयोगही होतो. तथापि निकष ठरवतानाच कृषी सहायकाला विचारले असते, तर हा फेरा बहुधा टळला असता. झाडे मोजण्यातही अडचण उरतेच, कारण पडलेली पोफळ तोडून बाजूला केल्याशिवाय वाट मोकळी होत नाही आणि ती हटवली की पुरावाही जातो.