जुन्या मोटारीचें रोगनिदान

आजोबांच्या वेळची मोटार ज्या घरांत अद्याप सांभाळून ठेविलेली आहे, त्या घरांत एक प्रसंग वर्षांतून एकदां तरी ठरलेलाच असतो. कार्यास निघावयाची वेळ झालेली असते, मंडळी नटूनथटून गाडींत बसलेली असते, आणि किल्ली कितीही फिरविली तरी एंजिन सुरू होत नाहीं. मग जितकीं तोंडें तितकीं मतें! काका म्हणतात, बॅटरी गेली. थोरले चिरंजीव म्हणतात, कार्ब्युरेटरांत कचरा आहे. शेजारचे गृहस्थ तर गाडीच विकून टाकण्याचा सल्ला देतात. दुरुस्तीवाला येतो, तो आधीं नवी बॅटरी बसवितो, मग नवी कॉइल, मग नवे प्लग. आणि इतका खर्च झाल्यावर टांकींत पेट्रोलच नव्हतें असें आढळून येतें. जुन्या गाडींतील पेट्रोलचा कांटा हा बहुधा खोटा साक्षीदार असतो, हें कोणी लक्षांत घेतलेलें नसतें. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं म्हणतात तें हेंच.

उदाहरणादाखल प्रीमियर पद्मिनीच घेऊं. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यांत फियाट ११०० या इटालियन गाडीच्या धर्तीवर ही मोटार होत असे, आणि १९७४ पासून तिला पद्मिनी हें नांव मिळालें. चार सिलिंडरांचें, १०८९ घन सेंटीमीटरांचें एंजिन. ठिणगीसाठीं कॉइल आणि डिस्ट्रिब्यूटर. पेट्रोल व हवा यांच्या मिश्रणासाठीं कार्ब्युरेटर. जें आहे तें डोळ्यांना दिसतें व हाताला लागतें. मुंबईच्या रस्त्यांवर काळ्यापिवळ्या वेषांत ती पिढ्यान्‌पिढ्या धांवली, आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून टॅक्सी म्हणून तिचा तेथील संचार संपला. टॅक्सी गेल्या, तसे तिची नाडी ओळखणारे मिस्त्रीही विरळ होणारच. तेव्हां ज्यांना ही गाडी मोडींत न घालतां ठेवावयाची आहे, त्यांनीं निदानाची विद्या घरांतच ठेविलेली बरी.

चांगला वैद्य औषधांची पेटी उघडण्यापूर्वीं रोग्यास चार प्रश्न विचारतो. येथेंही पहिला प्रश्न एकच: किल्ली फिरविल्यावर एंजिन फिरतें कीं नाहीं? फिरतच नसेल तर दोष विजेच्या बाजूस आहे. त्या वेळीं कार्ब्युरेटर खोलीत बसणें हा निव्वळ वेडेपणा होय. फिरतें पण पेट घेत नाहीं, असें असेल तर बॅटरीस दोष देण्याचें कारण नाहीं.

एंजिन फिरत नसल्यास पुढचे दिवे लावावे व कोणास तरी किल्ली फिरविण्यास सांगावें. दिवे एकदम मालवल्यासारखे झाले, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिच्या टोकांशीं जोड सैल आहे. दिवे तसेच लखलखीत राहिले व एंजिन जागचें हललें नाहीं, तर स्टार्टर किंवा त्याच्याकडे जाणारी तार पाहावी. घरीं व्होल्टमापक असल्यास उत्तमच. बारा व्होल्टांची पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असतां सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. १२ च्या आसपास आली म्हणजे ती बरीचशी रिकामी झाली असें समजावें. मात्र नवी बॅटरी आणण्यापूर्वीं टोकांवर साचलेली पांढरी-हिरवी भुकटी अवश्य पाहावी. ऋण टोंकाची तार आधीं सोडवावी, गरम पाण्यांत खाण्याचा सोडा घालून टोकें धुवावीं, घासून कोरडीं करावीं व घट्ट आंवळावीं. तें पाणी बॅटरीच्या आंत जाऊं देऊं नये. एंजिन व गाडीचा सांगाडा यांना जोडणारी जाड पट्टीही तपासावी. तिजकडे कोणाचें लक्ष जात नाहीं, आणि गंजते तीच! स्टार्टर एका वेळीं दहा सेकंदांहून अधिक चालवूं नये. मध्यें अर्धा मिनिट विसांवा द्यावा. हट्टानें किल्ली धरून बसणारे गृहस्थ चांगली बॅटरी उतरवितात व स्टार्टरही जाळतात.

एंजिन फिरतें पण पेट घेत नाहीं, ही अवस्था अधिक रंजक. येथें एक प्लग काढून पाहिला कीं अर्धें निदान होतें. तो पेट्रोलनें ओला असेल तर पेट्रोल पोंचत आहे, ठिणगीचा संशय धरावा. कोरडा असेल तर पेट्रोलच येत नाहीं. ठिणगी पाहण्यासाठीं सांडलेलें पेट्रोल पुसून त्याची वाफ जाऊं द्यावी. मग प्लग त्याच्या तारेस जोडून, त्याचें धातूचें अंग एंजिनच्या लोखंडास टेकवून, प्लगच्या भोंकापासून दूर ठेवावा व एंजिन फिरवावें. हात त्यास लावूं नये. त्या तारेंत हजारों व्होल्टांचा दाब असतो. निळी, कडकडीत ठिणगी उडाली तर उत्तम. पिंवळी, मंद उडाली किंवा मुळींच नाहीं, तर डिस्ट्रिब्यूटरचें झांकण काढावें. पावसाळ्यांत, विशेषतः कोंकणांत व मुंबईंत, या झांकणाच्या आंत दमट हवेचें बारीक दंव धरतें आणि वीज भलत्याच वाटेनें निघून जाते. कोरड्या फडक्यानें पुसलें कीं पुष्कळदां तेवढ्यानेंच काम भागतें. आंत केंसासारखी काळी रेघ दिसली तर मात्र झांकण बदलावें. ती पुसून जात नाहीं. ‘पॉइंट’ म्हणतात ते दोन लहान संपर्क काळवंडतात किंवा झिजतात. त्यांतील फट सुमारें अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमीच असावी लागते. ते वारंवार जळत असतील तर शेजारचा कंडेन्सर दोषी समजावा.

पेट्रोल येत नसेल तर पंपापासून कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी सोडून तिचें टोंक बाटलींत धरावें व एंजिन फिरवावें. जवळपास विडी-काडी, दिवा कांहीं नसावें, हें निराळें सांगावयास नको. तरी सांगतों, कारण यांत घर जळण्याइतका अनर्थ आहे. बाटलींत धार आली तर पंप निर्दोष; मग कार्ब्युरेटरच्या बारीक जेटांत साका बसला आहे. महिनोगणती उभ्या राहिलेल्या गाडींत पेट्रोल आटून चिकट डिंक तयार होतो. धार आली नाहीं तर टांकी, नळ्या व पंपांतील पडदा पाहावा. अलीकडे पेट्रोलमध्यें इथेनॉल वीस टक्क्यांपर्यंत मिसळूं लागले आहेत. तें पाणी शोषून घेतें, आणि जुन्या जातीचें रबर त्यांत फुगतें व मऊ पडतें. तेव्हां जुन्या नळ्या व पडदे इथेनॉल सोसणाऱ्या जातीचे बसवून घ्यावे. नळी पाझरूं लागली तर प्रश्न गाडी न सुरू होण्याचा राहत नाहीं, आगीचा होतो.

उन्हाळ्यांत घाट चढून थांबलेली गाडी पुन्हा सुरू होत नाहीं, तेव्हां पेट्रोलची नळींतच वाफ झालेली असते. पंपावर ओलें फडकें टाकून थोडा वेळ स्वस्थ बसावें. उलट वारंवार चोक ओढल्यानें पेट्रोलचा पूर आला असेल, तर चोक आंत ढकलून, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरून एंजिन फिरवावें. तो वरखालीं हलवूं नये.

एवढें सर्व ठीक असूनही गाडी बोलली नाहीं, तर सिलिंडरांतील दाब किंवा ठिणगीची वेळ यांचा विचार येतो. तें काम यंत्रशाळेचें. तेथें गाडी नेतांना आपण काय काय पाहिलें, कोणत्या क्रमानें पाहिलें व काय आढळलें, हें कागदावर लिहून मिस्त्रीच्या हातीं द्यावें. नाहींतर तो पुन्हा नव्या बॅटरीपासूनच आरंभ करील.