शंखनाद (धून)

शंखनाद ही भारतीय लष्कराच्या बँडसाठी रचलेली, हिंदुस्तानी रागसंगीतावर आधारित संचलन धून आहे. नागपूर येथील संगीताच्या प्राध्यापिका डॉ. तनुजा नाफडे या तिच्या रचनाकार आहेत. २६ जानेवारी २०१९ रोजी नवी दिल्लीतील प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात ती वाजवण्यात आली. युद्धारंभी शंख फुंकण्याच्या प्राचीन प्रथेवरून तिला हे नाव मिळाले आहे.

पार्श्वभूमी

भारतीय लष्करातील बँडची परंपरा ब्रिटिश काळात रुजली. क्लॅरिनेट, कॉर्नेट, ट्रॉम्बोन, युफोनियम यांसारखी सुषिर वाद्ये आणि ढोल-ताशांच्या जातीची तालवाद्ये यांचा हा मोठा वाद्यमेळ असतो. स्वातंत्र्यानंतर ‘बीटिंग रिट्रीट’ सोहळ्यात भारतीय धुनांचा समावेश होत गेला. संचलनात मात्र ब्रिटिश धुनांचा प्रभाव दीर्घकाळ टिकला. शंखनाद ही धून मुळात महार रेजिमेंटसाठी तयार झाली. या रेजिमेंटची स्थापना १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे झाली. रेजिमेंटच्या शौर्यावर ब्रिगेडियर विवेक सोहल यांनी लिहिलेली कविता या धुनेच्या मुळाशी आहे.

सांगीतिक स्वरूप

धुनेत बिलासखानी तोडी, भैरवी आणि किरवाणी या तीन रागांचा आधार घेतला आहे. पहिल्या दोन रागांत ऋषभ, गांधार, धैवत व निषाद कोमल आणि मध्यम शुद्ध असतो. त्यांतील भेद मुख्यतः चलनात आहे. कर्नाटक संगीतातून आलेल्या किरवाणीत गांधार व धैवत कोमल असून तिची स्वरपंक्ती पाश्चात्त्य ‘हार्मोनिक मायनर’शी जुळते.

रागाधारित धून बँडवर बसवताना दोन अडचणी येतात. रागाचे रूप मींड व आंदोलन यांतून खुलते. परंतु पडद्या किंवा कळा असलेल्या सुषिर वाद्यांवर स्वर सुटे व स्थिर उमटतात. सरकत्या नळीच्या ट्रॉम्बोनवर मींड तुलनेने सुलभ असते. शिवाय बँडमध्ये अनेक स्वर एकाच वेळी वाजतात, त्यामुळे साथीच्या स्वरांतून रागात वर्ज्य असलेला स्वर शिरण्याची शक्यता असते. हे सर्व सांभाळून लय सैनिकांच्या पावलांना अनुरूप राखावी लागते.

महत्त्व

प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात वाजलेली स्वतंत्र भारताची पहिली स्वरचित मार्शल धून म्हणून शंखनाद ओळखली जाते. लष्करी संगीताच्या भारतीयीकरणाचा हा एक टप्पा मानला जातो. पुढे २०२२ मध्ये ‘बीटिंग रिट्रीट’मधून ‘अबाइड विथ मी’ ही ख्रिस्ती प्रार्थनाधून वगळून ‘ऐ मेरे वतन के लोगों’ या गीताची धून समाविष्ट करण्यात आली.