फटफटीचा घसा बसला!

रोज स्टेशनपर्यंत पाच मिनिटं धावणारी बाबांची आरएक्स हंड्रेड एका पावसाळ्यात खोकायला लागली. सायलेन्सर बदलायला म्हणून गॅरेजमध्ये गेलो, आणि तोच सायलेन्सर वाचवून परत आलो.

आमच्या घरी बेल नंतर वाजायची, आधी गाडी वाजायची. बाबांची यामाहा गेटमधून आत वळली की तिसऱ्या मजल्यावर आई चहाचं आधण ठेवायची. बाबा जिना चढून येईपर्यंत कप तयार. या टायमिंगमध्ये कधी चूक झाल्याचं मला तरी आठवत नाही.

गाडी १९९३ची. ऑफिसच्या क्रेडिट सोसायटीतून कर्ज काढून घेतलेली. आम्ही बोरिवलीचे, पण नंबर प्लेटवर अजून अंधेरी आरटीओचा एमएच ०२. आरएक्स १०० भारतात १९८५ ते १९९६ अशी जेमतेम अकरा वर्षं बनली. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ताकद अकरा हॉर्सपॉवरच्या आसपास. पण सिग्नल सुटला की भल्याभल्यांना मागे टाकायची! बाबांनी ती बोरिवली ते अंधेरी एमआयडीसी अशी बावीस वर्षं चालवली. मग ते रिटायर झाले, गुडघ्यांनी किक मारायला नकार दिला आणि चावी माझ्याकडे आली.

माझं ऑफिसही अंधेरीलाच. पण हायवेच्या ट्रॅफिकमध्ये रोज कोण मरणार, बॉस? घर ते बोरिवली स्टेशन दोन किलोमीटर गाडी, तिथून फास्ट लोकल, पुढे चकाल्यापर्यंत मेट्रो. गाडी दिवसभर पार्किंगमध्ये आराम करते. जुन्या गाडीला यापेक्षा सुखाचं आयुष्य काय असणार, असं मला वाटायचं.

‘ही आपली गाडी वाटत नाही रे’

गेल्या जूनमध्ये आवाज बदलला. आधी हलकी फटफट, मग घसा बसलेल्या माणसासारखी घरघर, आणि जुलैत थेट फटाक्यांची माळ. पिकअप गेला. सायलेन्सरच्या जॉइंटमधून काळं तेलकट पाणी ठिबकायला लागलं. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींचं बाळ दोन महिन्यांचं. त्यांनी अगदी गोड शब्दांत सुचवलं, की रात्री गाडी गेटबाहेरच बंद करून ढकलत आणता येईल का? आणायला लागलो.

एकदा लवकर आलो म्हणून चालू गाडी आत घेतली. वर पोचलो तर आधण वगैरे काही नाही. बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, “ही आपली गाडी वाटत नाही रे.”

हे मात्र लागलं. बावीस वर्षं त्यांनी चालवली, तेव्हा सायलेन्सर शाबूत होता. माझ्याकडे येऊन काही वर्षं झाली आणि त्याला भोक!

ऑफिसमधल्या बाइकवेड्या मित्राकडे उपाय तयार होता. “फेक तो डबा, मस्त चेंबर लाव. अख्खी बोरिवली वळून बघेल!” अख्खी बोरिवली वळून बघतेच, पण तिच्यात ट्रॅफिक पोलीसही असतात. जप्त केलेल्या सायलेन्सरवरून रोडरोलर फिरवल्याचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. आवाज आणि धूर यांचे नियम मोडले, तर २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे आणि लायसन्सही तीन महिने जाऊ शकतं. आणि बाळाच्या आईला काय तोंड दाखवणार?

काकांचा एक प्रश्न

मग बाबांच्याच जुन्या गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या काकांनी गाडी चालू केली आणि क्षणभर ओल्या फडक्याने सायलेन्सरचं मागचं तोंड दाबलं. पोटाखालून दोन ठिकाणी धुराच्या पिचकाऱ्या उडाल्या. रोगाचं निदान झालं. मग त्यांनी मला विचारलं, “लांब नेत नाहीस ना गाडी?”

“नाही काका. फक्त स्टेशन. अगदी जपून वापरतो.”

“म्हणूनच सडली.”

मला वाटलं होतं, गंज बाहेरच्या पावसाने चढला. पण सायलेन्सर मुख्यतः आतून कुजतो. पेट्रोल जळलं की धुराबरोबर पाण्याची वाफही तयार होते. एक लिटर पेट्रोलमागे साधारण एक लिटर पाणी! गाडी बारा-तेरा किलोमीटर धावली की सायलेन्सर सणसणीत तापतो आणि वाफ बाहेर निघून जाते. दोन किलोमीटरमध्ये तो कोमटच राहतो. वाफ आतच थंड होऊन पाणी होते, खालच्या खोलगट भागात साचते आणि जळलेल्या वायूंमुळे आंबट झालेलं ते पाणी पत्रा खात बसतं. म्हणजे बाबा गाडी रोज पळवत होते म्हणून ती टिकली, आणि मी जपत होतो म्हणून ती सडली. तुमच्या घरी कुणाची जुनी स्प्लेंडर किंवा स्कूटर अशीच ‘फक्त स्टेशनपुरती’ असेल, तर तिचाही हिशेब हाच.

टू-स्ट्रोकमध्ये तर दुहेरी मार. इथे पेट्रोलबरोबर टू-टी ऑइलही जळतं. सायलेन्सर नीट तापला नाही की त्याची चिकट काजळी आत जमते आणि धुराची वाट अडते. त्यातून या इंजिनात सायलेन्सर म्हणजे नुसतं आवाज दाबायचं भांडं नाही. जळलेला वायू बाहेर पडताना थोडं ताजं पेट्रोलही त्याच्यामागे सटकतं. सायलेन्सरच्या आतल्या निमुळत्या आकारावर दाबाची लाट आपटून परत फिरते आणि ते पेट्रोल पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. मधेच भोक पडलं की लाटेचा जोर जातो. पिकअप नेमका कुठे गेला होता, ते तेव्हा कळलं.

पत्रा, पितळ आणि काळं पाणी

“नवीन डुप्लिकेट मिळेल,” काका म्हणाले, “पण आतली मापं कंपनीची असतील याची गॅरंटी मी देणार नाही. याचा बाकीचा पत्रा जाड आहे अजून. वाचवू या.”

काम दोन दिवस चाललं. आधी मागचा बोल्ट काढून आतली जाळीची नळी ओढून काढली. तिच्यावर काजळीचा असा थर, की भोकं दिसतच नव्हती. मग सायलेन्सर रात्रभर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात. सकाळी त्यातून डांबरासारखं काळं पाणी निघालं. (हा प्रयोग घरी बाथरूममध्ये अजिबात करू नका. कॉस्टिक सोडा कातडी आणि डोळे जाळतो, आणि ॲल्युमिनियमलाही खातो.)

धुऊन, वाळवून झाल्यावर काकांनी पोटाखालचा पत्रा हातोडीने ठोकून पाहिला. जिथे बद्द आवाज आला, तिथपर्यंतचा भाग कापून टाकला. “नुसत्या भोकावर ठिगळ लावलं तर कडेने परत फाटतं. चांगल्या पत्र्यापर्यंत जावं लागतं.” मग त्या मापाचा नवा तुकडा गोलाईत वाकवून गॅसवर पितळेने जोडला. साध्या वेल्डिंगने एवढ्या पातळ पत्र्याला एकाच्या जागी चार भोकं पडली असती. वर उष्णता सोसणारा काळा रंग, सिलिंडरजवळ नवीन गॅस्केट, आणि जास्त तेल सोडणाऱ्या ऑइल पंपाचं सेटिंग. एकूण खर्च, ऑफिसच्या टीमसोबतच्या एका डिनरमधल्या माझ्या वाट्याएवढा.

निघताना काकांनी बजावलं, “हे जन्माचं काम नाही. चालवलीस तर टिकेल.”

म्हणून आता दर रविवारी सकाळी गाडी घोडबंदरपर्यंत जाते. पहिल्या रविवारी मी किक मारली आणि मागे बसायला बाबांना बोलावलं. ते सरळ येऊन पुढे बसले. “गुडघा किकला दुखतो, गिअरला नाही,” म्हणाले.

तासाभराने आम्ही गेटमधून आत वळलो. पहिल्या मजल्यावरचं बाळ झोपलेलंच होतं. तिसऱ्या मजल्यावर चहा उकळत होता.

जुनी गाडी आहे? मग एवढं करा!

• आठवड्यातून एकदा तरी सलग अर्धा तास चालवा. उभी करून रेस करत बसणं हा पर्याय नाही.

• आवाज बदलला की लगेच दाखवा. छोटं भोक बुजवता येतं, सडलेला पत्रा नाही.

• बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून लीक शोधू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

• साधं एपॉक्सी लावून भोक बुजवू नका. सायलेन्सर तापला की ते सुटतं.

• पंधरा वर्षांनंतर रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं आणि गाडी तपासली जाते. त्याआधी सायलेन्सर आणि पीयूसी दोन्ही नीट करून घ्या.