जुन्या पिकअपची केबिन : ध्वनी, पत्रा आणि कान

श्रोतेहो, आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल की तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला पिकअप गाडीशी काय देणंघेणं? पण शब्द कुठून उत्पन्न होतो आणि कानापर्यंत कसा येतो, हा आपल्या दर्शनांचा फार जुना प्रश्न आहे. आणि आपल्या नगर जिल्ह्यात (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण आमच्या तोंडी अजून नगरच येतं) हा प्रश्न रोज सहा-आठ तास अंगावर घेणारी माणसं आहेत. घोडेगावच्या बाजारात कांदा घेऊन येणारी, संगमनेरहून टोमॅटो भरून रातोरात वाशीला पोचणारी. गाडी दहा-पंधरा वर्षांची टाटा २०७ नाहीतर बोलेरो पिकअप. धंद्याची गाडी म्हणून केबिनमध्ये मुळातच फारसं अस्तर नसतं, आणि जे असतं ते इतक्या वर्षांत फाटून गेलेलं.

नैयायिकांनी शब्दाचे दोन प्रकार केले: ध्वनिरूप आणि वर्णरूप. भेरीचा तो ध्वनी, भाषेतला तो वर्ण. हा भेद ध्यानात ठेवा, कारण ड्रायव्हरच्या कानाचं नुकसान नेमकं याच फटीत होतं. सतत मोठा आवाज ऐकून अंतःकर्णातल्या केशपेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. सुरुवात होते वरच्या पट्टीपासून, साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास. स, श, फ, ट यांसारख्या व्यंजनांची ओळख पटते ती याच वरच्या पट्टीत. स्वर मात्र खालच्या पट्टीतले, ते शाबूत राहतात. म्हणून असा माणूस म्हणतो, "ऐकू येतंय हो, पण काय म्हणता ते कळत नाही." ध्वनी पोचतो, वर्ण पोचत नाही. घरची मंडळी म्हणतात, याचं लक्षच नसतं.

किती आवाज म्हणजे जास्त? ८५ डेसिबल आठ तास, ही सर्वसाधारण मानली जाणारी सुरक्षित मर्यादा. डेसिबलची मोजपट्टी मात्र आपल्या रोजच्या गजासारखी नाही. तीन डेसिबल वाढले की ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९१ ला दोनच. त्यात केबिन आवाज करते म्हणून टेपचा आवाज वाढवायचा ही सवय. गाणं आवाजाच्या वर ऐकू यायला हवं तर ते आणखी मोठं लागणार. म्हणजे कानावर दोन्हीचा मारा.

कायद्याचं काय, असं कुणी विचारेल. वाहनाच्या आवाजाची चाचणी होते. आपल्या नगरमध्येच संरक्षण खात्याची वाहनांवर काम करणारी प्रयोगशाळा आहे आणि तिथे वाहनांच्या चाचण्या होतात. पण रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज मोजतात तेव्हा मायक्रोफोन गाडीच्या वाटेपासून ७.५ मीटर लांब असतो. ती काळजी वाटसरूच्या कानाची. आत बसलेल्याचं त्यावरून काही ठरत नाही.

आता उपाय. बाजारात पहिली गोष्ट दाखवतात ती फोम. पातळ, हलका, कापायला सोपा. तो का कमी पडतो ते नीट समजून घेऊ. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन मिनिटाला २४०० फेरे फिरतंय असं धरा. प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट, म्हणजे सेकंदाला ८०. तीच ती घुमणारी घरघर. ८० हर्ट्झच्या ध्वनीची हवेतली लांबी सव्वाचार मीटर भरते. फोमने तो चांगला शोषावा तर जाडी त्या लांबीच्या चौथाईच्या घरात हवी, म्हणजे मीटरभर. अहो, केबिनच भरून जाईल, ड्रायव्हर बसणार कुठे? वीस मिलिमीटर फोम वरच्या पट्टीचा खणखणाट थोडा कमी करतो. घरघर जागच्या जागी राहते.

दुसरी गोष्ट, काळी चिकट शीट. एका बाजूला चांदीसारखा कागद. विकणारा दार ठोकून दाखवतो: आधी 'टण्ण', शीट लावल्यावर 'धप्'. "बघा, महागड्या गाडीसारखं झालं." आम्ही वर्गात हेत्वाभास शिकवायचो, त्याला याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही. 'धप्' आवाजाने सिद्ध होतं ते एवढंच, की पत्र्याचं स्वतःचं वाजणं थांबलं. पलीकडचा आवाज आत येणं थांबलं, हे त्यातून निघत नाही. शीट निरुपयोगी आहे असं मात्र नाही. पत्रा जिथे थरथरतो तिथे ती उत्तम काम करते, आणि त्यासाठी सगळा पत्रा मढवावा लागत नाही. मोठ्या सपाट भागाच्या मध्यावर, पाव ते निम्मी जागा झाकली तरी बहुतेक फायदा मिळतो. छपराच्या गळतीसाठी मिळणारी डांबरी पट्टी स्वस्त म्हणून केबिनमध्ये लावू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती मऊ होते, वास मारते, आणि टपाची असेल तर डोक्यावर लोंबते.

मग करायचं काय? आधी कारण शोधायचं. इथे अन्वय-व्यतिरेक कामाला येतो: जे असताना कार्य असतं आणि नसताना नसतं, ते कारण. गाडी उभी ठेवून इंजिन नेहमीच्या फेऱ्यांवर न्या. गोंगाट तितकाच आला तर दोषी इंजिन किंवा सायलेन्सर. मग मोकळ्या सपाट रस्त्यावर एकाच वेगाने दोन वेगळ्या गियरमध्ये चालवून बघा. गियरबरोबर आवाज बदलला तर इंजिन, तसाच राहिला तर टायर, बेअरिंग किंवा वारा. उतारावर इंजिन बंद करून ऐकायचा शहाणपणा कुणी करू नये. ब्रेकचा बूस्टर इंजिनावर चालतो.

बऱ्याचदा असं दिसतं की अस्तराआधी दुरुस्तीच हवी आहे. सायलेन्सरचा जोड फुटलेला, किंवा इंजिन ज्या रबरांवर बसतं ते (गॅरेजात 'फाउंडेशन' म्हणतात) कडक होऊन चिरलेलं. रबर गेलं की इंजिनाची थरथर सरळ चासीत आणि तिथून सगळ्या पत्र्यात उतरते. वैशेषिकांना शब्दापासून शब्द निर्माण होतो हे मान्य होतं. पाण्यावर एका लाटेतून दुसरी उठावी तसा. त्यांनी त्याचा आश्रय आकाश मानला, आज आपण हवा आणि पत्रा म्हणतो. पण साखळी कुठेतरी तोडायची तर उगमाजवळ तोडावी, हे दोन्ही मतांनी खरं. फाउंडेशन बदलल्यावर जो फरक पडतो तो कित्येकदा सगळ्या शीटांनी मिळून पडत नाही.

यानंतर भोकं. आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा हाच. इंजिन आणि केबिन यांच्यामध्ये पत्र्याची भिंत असते. तिच्यातून स्टिअरिंगचा दांडा, पेडल, वायरी, केबल आत येतात; गियर लिव्हर तळातून वर येते. जुन्या गाडीत तिथली रबरं वाळून गळून पडलेली असतात. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या फक्त एक टक्का जागा उघडी असली, तर उरलेली भिंत काळ्या दगडाची केली तरी २० डेसिबलहून जास्त आवाज अडत नाही. एक चौरस मीटर भिंतीत एक टक्का म्हणजे दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीचा तुकडा. सगळी भोकं मिळून तेवढी सहज भरतात. नवी रबरं, गियर लिव्हरचा नवा बूट, दारांचं नवं बीडिंग, याला खर्च थोडा आणि लाभ मोठा. शिवाय याच भोकांतून इंजिनाकडचा धूर आत येतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही, आणि रात्री काच लावून चालवणाऱ्याला तो गुंगी आणतो. पण धूर येत असेल तर भोकं बुजवून भागवू नका, गळतीही काढाच.

मग येतं वजन. आवाज अडवणं हे वस्तुमानाचं काम आहे. पत्र्याचं वजन दुप्पट केलं तर हिशेबाने सुमारे सहा डेसिबल जास्त अडतात. एक मिलिमीटर पोलादी पत्रा चौरस मीटरला आठ किलोच्या आसपास भरतो. म्हणून तळाला आणि पुढच्या भिंतीला आधी फेल्ट आणि वर जड रबरी मॅट, असा जोड घालावा. मधला मऊ थर मॅटला पत्र्यापासून सुटं ठेवतो, म्हणून नुसत्या मॅटपेक्षा हे बरं. सगळं मिळून कांद्याच्या एका गोणीएवढंही वजन होत नाही.

थोड्या सावधगिऱ्या. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघायची भोकं असतात, ती बुजवली की दार आतून गंजतं. फेल्ट भिजलं की सुकत नाही, म्हणून ते घालण्याआधी पुढच्या काचेची गळती काढा आणि गंज घासून रंग द्या. सायलेन्सरच्या पाइपाजवळ साधा फोम नको, तो पेट घेतो. वायरी शीटखाली दाबू नका, उद्या शॉर्ट झालं तर शोधणार कुठे?

मघाशी एका श्रोत्याची चिठ्ठी आली: केबिन इतकी शांत झाली तर मागच्याचा हॉर्न ऐकू येईल का? येईल. जुन्या पिकअपची केबिन कितीही मढवली तरी शांतता म्हणावी अशी होत नाही. सततची घरघर जितकी खाली जाईल तितका हॉर्न, रुग्णवाहिकेचा भोंगा, चाकाच्या बेअरिंगची नवी कुरकुर वेगळी उठून ऐकू येते. घरघर त्यांना झाकत होती. कानात कापूस घातला तर चालेल का, असंही त्याच चिठ्ठीत आहे. कापसाने फार थोडा आवाज अडतो, आणि जो अडतो तो वरच्या पट्टीतला, म्हणजे बोलण्यातला. घरघर जशीच्या तशी आत येते.

मोजायचं झालं तर मोबाइलवरचं ॲप चालेल. आकडा अचूक नसतो, पण आधीचा आणि नंतरचा फरक कळतो. फोन दोन्ही वेळा ड्रायव्हरच्या कानाजवळ, शेजारच्या माणसाच्या हातात. रस्ता तोच, वेग तोच, काचा बंद. आणि एकदा रिकाम्या गाडीत, एकदा माल भरल्यावर, कारण रिकामं पिकअप जास्त वाजतं आणि परतीचा सगळा प्रवास रिकाम्यानेच होतो.