वारीतला मुक्कामाचा दिवस

(बी. ए. भाग २)

वारी म्हटली की टाळ, मृदंग, पताका आणि रिंगण डोळ्यांपुढे उभे राहते. वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात तीही त्यांचीच. परंतु आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटर अंतर माणूस केवळ टाळांच्या नादावर चालू शकत नाही. त्याला पीठ लागते, मीठ लागते, कोरडे कापड लागते आणि पायांत धड चप्पल लागते. वाटेतल्या मोठ्या गावी मुक्काम पडला की या सगळ्याची जुळवाजुळव होते. असा पहिला मोठा मुक्काम पुण्याचा. प्रथम वर्षाची परीक्षा देऊन मी आजीबरोबर वारीला गेले, तेव्हा भर पावसातला तो दिवस मला जवळून पाहायला मिळाला. आपल्या महाविद्यालयातले बरेच जण पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड पायी जातात. त्यांनाही यातले काही उपयोगी पडेल असे वाटते.

प्रथम थोडी माहिती. संत तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतरावबाबा आरफळकर यांनी माऊलींच्या पालखीचा स्वतंत्र सोहळा उभा केला. त्यात आपल्या शेजारच्या भागाचाही वाटा आहे. माऊलींच्या सोहळ्यातले अश्व बेळगाव जिल्ह्यातील अंकलीच्या शितोळे सरकारांचे. ते आजही अंकलीहून पायी आळंदीला येतात.

माऊलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते. दुसऱ्या दिवशी ती पुण्यास पोहोचते आणि भवानी पेठेतील पालखी विठोबा मंदिरात दोन रात्री राहते. तुकोबारायांची पालखी तेव्हा नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या मंदिरात असते. त्यामुळे मधला एक संपूर्ण दिवस चालणे नसते. पण हा दिवस विश्रांतीचा आहे असे मात्र कोणी समजू नये. पुढचा टप्पा सासवडचा. तीस किलोमीटरांहून अधिक लांबीचा हा टप्पा साऱ्या वाटेतला सर्वांत मोठा. त्यात दिवे घाटाची चढण, आणि बहुधा त्याच दिवशी एकादशीचा उपवास. पुण्यात जे राहून जाईल त्याची आठवण घाटात पावलोपावली होते.

आमच्या दिंडीत साठ माणसे होती. उतरायला एका शाळेचे वर्ग मिळाले होते. आदल्या दिवसापासून पाऊस लागून राहिला होता. सकाळी उठून पाहते तो वर्गात या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत दोऱ्या बांधलेल्या आणि त्यांवर नऊवारी लुगडी वाळत घातलेली. नऊ वार सुती लुगडे एकदा भिजले की अंगावर ओझे होते, आणि पावसाळी हवेत ते दिवसभरातही धड वाळत नाही. यावर आजीचा एक नियम आहे. रात्री नेसायचे लुगडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवायचे आणि चालताना काही झाले तरी ते नेसायचे नाही. सकाळी पुन्हा ते दमट लुगडेच अंगावर चढवायचे. "दिवसा भिजलं तर चालतंय. रातीला कोरडं पायजे," ती म्हणते. पहिल्या रात्री मी हा नियम मोडला होता आणि पहाटेपर्यंत कुडकुडत बसले होते.

मग बाजाराची यादी करायची होती. "कॉलेजात शिकते" म्हणून विणेकरीबाबांनी वही माझ्याकडे दिली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. मी मोठ्या ऐटीत हिशेब मांडला. माणशी दिवसाला पाव किलो पीठ, म्हणजे साठ माणसांना पंधरा किलो आणि आठ दिवसांचे एकशेवीस. आजीला अक्षरओळख नाही. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "गणित बरोबर हाय पोरी, पर पीठ खराब हुईल की!" पावसात पिठाला दमटपणा लागतो, गुठळ्या होतात, चार दिवसांत ते कडू होते. जोंधळा मात्र टिकतो. म्हणून पीठ दोन-तीन दिवसांपुरतेच घ्यायचे. बाकी धान्यच ट्रकमध्ये ठेवायचे आणि पुढे सासवड, लोणंद, फलटण अशा गावांतून लागेल तसे दळून घ्यायचे. मीठ आणि काडेपेटी बरणीत. एकादशीसाठी साबुदाणा आणि शेंगदाणे आजच. मी यादी खोडून पुन्हा लिहिली.

यानंतर पाय. पाय सतत ओले राहिले की कातडी पांढरी पडते, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, मऊ पडलेल्या तळव्याला लवकर फोड येतात. पाय धुऊन नीट पुसायचे, बोटांच्या मध्ये पाणी राहू द्यायचे नाही आणि मुक्कामी ते उघडे ठेवायचे, एवढे केले तरी पुष्कळ. माझी चूक याहून मोठी होती. वडिलांनी हौसेने घेऊन दिलेली कोल्हापुरी चप्पल मी पायांत घालून आले होते. चामडे पाणी पिऊन फुगले, तळ जड झाला आणि पुण्यात शिरता शिरता एका पायाचा अंगठा तुटला.

पालखी पुण्यात असते तेव्हा रस्तोरस्ती लोक वारकऱ्यांची सेवा करतात. कोणी दाढी करून देतो, कोणी पाय चेपतो, डॉक्टर औषध देतात. तशीच चप्पल शिवून देणारी मंडळीही फुटपाथवर बसली होती. आजीने मला रांगेत उभे केले. मला संकोच वाटला. वडिलांनी दिलेले पैसे जवळ होते. फुकटच्या रांगेत कशाला उभे राहायचे? मी तसे म्हटलेही. आजी एवढेच म्हणाली, "त्येला पंढरीला जायला येत न्हाई. तू घेतलं न्हाईस तर त्येची वारी कशी व्हायची?"

त्या गृहस्थांनी अंगठा शिवला. चप्पल सावलीत वाळवा, चुलीजवळ ठेवाल तर तडकेल, आणि पावसात रबरीच घाला, असे सांगितले. मग चप्पल माझ्या पायांपुढे ठेवून त्यांनी वाकून माझ्या पायांना हात लावला. मी एकोणीस वर्षांची, ते माझ्या वडिलांच्या वयाचे. मी पटकन पाय मागे घेतला. आजीने माझी मान धरली आणि मला त्यांच्या पायांवर वाकायला लावले. ते "माऊली" म्हणाले आणि लगेच पुढच्याची चप्पल हातात घेतली.

मी रबरी चप्पल विकत घेतली. कोल्हापुरी जोड कागदात गुंडाळून ट्रकमध्ये टाकला. रात्री वहीत दिवसाचा खर्च मांडताना 'चप्पलदुरुस्ती' असे लिहिले आणि पुढे काय आकडा घालावा ते सुचेना. आजीला विचारले. ती कोरडे लुगडे नेसून भिंतीला टेकली होती. म्हणाली, "ऱ्हाऊ दे मोकळं." ती जागा अजून तशीच मोकळी आहे.

दुसऱ्या दिवशी दिवे घाटात पाऊस होताच. आम्ही दोघीही न थांबता वर चढलो.