स्तनातील गाठीची तारविरहित स्थाननिश्चिती

हाताला न जाणवणारी स्तनातील गाठ शस्त्रक्रियेच्या वेळी नेमकी सापडावी यासाठी तिच्यात किंवा तिच्याजवळ आधीच एखादी खूण बसवण्याच्या आणि ती खूण उपकरणाने शोधण्याच्या पद्धतींना तारविरहित स्थाननिश्चिती म्हणतात.

पार्श्वभूमी

मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफीत दिसणारी काही मिलिमीटरची गाठ शल्यविशारदाच्या बोटांना लागतेच असे नाही. १९७० च्या दशकापासून अशा गाठीत सुईतून आकडा असलेली बारीक तार सोडली जाते. तिचे एक टोक त्वचेबाहेर राहते. तार सरकण्याची वा तुटण्याची शक्यता असल्याने ती बहुधा शस्त्रक्रियेच्याच दिवशी बसवतात. क्षकिरण विभागात उशीर झाला की शस्त्रक्रिया खोळंबते आणि उपाशीपोटी असलेली रुग्ण तार सांभाळत बसून राहते. तार जिथून शिरते त्यानुसार छेदाची जागाही ठरू लागते.

पद्धती

१९९६ साली मिलान येथे किरणोत्सारी टेक्नेशियम-९९एम गाठीत टोचून ती शोधण्याची पद्धत विकसित झाली. टेक्नेशियमचे अर्धायुष्य सुमारे ६ तास असल्याने येथेही घाई राहतेच. आयोडीन-१२५ असलेल्या टायटॅनियमच्या सुमारे ५ मिमी लांबीच्या बीजाचे अर्धायुष्य मात्र सुमारे ५९ दिवस असते. त्यामुळे ते बरेच दिवस आधी बसवता येते. प्रत्येक बीजाचा हिशेब ठेवणे व ते परत मिळवणे ही रुग्णालयाची जबाबदारी असते. भारतात अशा वापरावर मुंबईस्थित अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण असते. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात आयोडीन-१२५ ची बीजे तयार होतात, पण ती डोळ्याच्या व पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाच्या उपचारासाठी विकसित केलेली आहेत.

किरणोत्सार टाळणाऱ्या पद्धतींत चुंबकीय बीज, रडार परावर्तक आणि रेडिओलहरींनी ओळखता येणारी खूणचिठ्ठी यांचा समावेश होतो. चुंबकीय बीज शोधताना लोखंडी अवजारे दूर ठेवावी लागतात, आणि बीज शरीरात असताना एमआरआय चित्रात त्याच्याभोवतीचा भाग विकृत दिसतो. गाठ सोनोग्राफीत दिसत असेल तर शस्त्रक्रियागृहातच सोनोग्राफी करणे हा सर्वांत साधा पर्याय ठरतो. त्यात शरीरात काहीच ठेवावे लागत नाही.

महाराष्ट्रातील संदर्भ

पाश्चात्त्य देशांत या पद्धतींची गरज मॅमोग्राफी तपासणी मोहिमांमुळे वाढली. महाराष्ट्रात बहुतेक गाठी हाताला लागण्याइतक्या मोठ्या झाल्यावरच निदान होते. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईत सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या दीर्घ अभ्यासातही मॅमोग्राफी नव्हे, तर प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने केलेली तपासणी पारखली गेली. तरीही येथे गरज दुसऱ्या वाटेने निर्माण होते. शस्त्रक्रियेपूर्वी केमोथेरपी दिल्यास मोठी गाठ आकसते, कधी पूर्ण नाहीशी होते. मूळ जागी आधी खूण केली नसेल तर स्तन राखून नेमका कोणता भाग काढायचा हे सांगणे अवघड होते. रक्तवाहिन्या बंद करण्याच्या साध्या क्लिपा यासाठी स्वस्त खूण म्हणून वापरता येतात, मात्र त्या शोधण्यास सोनोग्राफी किंवा तारच लागते.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासा तालुक्यातील घोडेगावसारख्या गावातील रुग्णाला कर्करोग शस्त्रक्रियेसाठी अहिल्यानगर, लोणी वा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. खूण बसवणे आणि शस्त्रक्रिया वेगवेगळ्या दिवशी होऊ शकणे ही शहरी रुग्णालयाची सोय असली, तरी अशा रुग्णासाठी तो एक वाढीव प्रवास व बुडालेली मजुरी ठरू शकते. केमोथेरपीच्या ठरलेल्या फेरीतच खूण बसवली तर हा खेटा वाचतो. आयात बीज व शोधयंत्राचा खर्च मात्र उरतोच.